ऑपरेशन झालं, पण रात्री जागणार कोण?

ज्यांच्या घरी बुलडॉग, पग किंवा शिट्झू आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी "नाकाचं आणि टाळूचं छोटंसं ऑपरेशन करून टाकू" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑपरेशन करू नका असं मी म्हणणार नाही. आमचा बुलडॉग गुंडू आज त्याच ऑपरेशनमुळे जिना चढतो आणि रात्रभर शांत झोपतो. पण टेबलावर जे होतं ते निम्मंच असतं. उरलेलं निम्मं त्यानंतरच्या रात्री होतं, आणि त्या रात्रीबद्दल आम्हाला कुणी एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. वर जे घडलं त्याचं खापर आमच्याच डोक्यावर फोडलं. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या सोसायटीत ती फार चघळली गेली. गुंडूला आम्ही हौसेनं विकत आणलेला नाही. पुतण्या कॅनडाला गेला. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या कप्प्यातून नेतच नाहीत, कारण त्यांचा श्वास वाटेत कोंडतो. म्हणून त्याचा गुंडू आमच्याकडे राहिला. "एवढे महागाचे कुत्रे पाळता, मग सोसा," असं लिफ्टमध्ये ऐकवणाऱ्या बाईंना मी तेव्हा काही बोलले नाही. हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर मुंबईत पगांचं पेव फुटलं होतं, तेव्हा त्यांच्या घरीही एक होता.

हे कुत्रे गोंडस घोरतात असं लोकांना वाटतं. त्या घोरण्यात त्यांचा जीव घुसमटत असतो. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून यांचं तोंड आखूड केलं, पण आतलं मांस त्या प्रमाणात आखूड झालं नाही. मऊ टाळू लांबच राहिली आणि ती श्वासनलिकेच्या तोंडावर येऊन पडते. नाकपुड्या फटीएवढ्या असतात. बुलडॉगची श्वासनलिकाही अनेकदा मुळातच अरुंद असते, आणि तिच्यावर काही शस्त्रक्रिया नाही. आयुष्यभर जोर लावून हवा ओढावी लागते, त्या ओढीनं स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या बाहेर उलटतात आणि पुढे स्वरयंत्रच आत कोसळायला लागतं. ते होण्याआधी ऑपरेशन केलेलं बरं. त्यात भर आपल्या हवेची. कुत्रा धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो आणि त्यानंच अंग थंड करतो. एप्रिल-मेमधल्या अंधेरीच्या दमट हवेत ते पाणी उडतच नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये सकाळच्या फेरीवरून येताना गुंडू गेटपाशी आडवा झाला. जीभ जांभळी पडली होती. वॉचमननं बादलीभर पाणी ओतलं म्हणून वाचला. तेव्हा ऑपरेशनचा निर्णय चुकला असं मला कुणी सांगू नये.

दवाखाना अंधेरी पश्चिमेला होता. नाव घेत नाही. काचेचे दरवाजे, भिंतीवर परदेशी प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं, डॉक्टर बोलायला गोड. मी विचारलं, पावसाळा होऊन जाऊ दे का, थंडीत करू या का? "काकू, थिएटर एसी आहे. सीझनचा काय संबंध?" मी विचारलं, रात्री इथे ठेवाल ना? "डे-केअर प्रोसिजर आहे. सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. घरी तो जास्त कम्फर्टेबल असेल." आमच्या ह्यांनी पुन्हा विचारलं, रात्री काही झालं तर? "काही होत नाही हो, रोज करतो आम्ही." हे तीन प्रश्न आम्ही विचारले होते, आणि तिन्ही वेळा आम्हाला गप्प बसवलं गेलं. नंतर "तुम्ही विचारायला हवं होतं" असं ऐकावं लागलं, म्हणून हे नोंदवून ठेवते आहे.

ऑपरेशन झालं. काचेतून मी पाहत होते. गुंडू स्टीलच्या टेबलावर कुशीवर पडलेला होता, डोळे अर्धवट उघडे, मान जागची हलत नव्हती. मदतनीस पोरानं घशातली श्वासाची नळी काढली, कारण बाहेर एक लॅब्रॅडॉर थांबला होता आणि टेबल मोकळं करायचं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कसं? नळी कधी काढायची हे त्यांनी ठरवायचं असतं.

पाच वाजता "घेऊन जा" म्हणाले. आम्ही अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाबला राहतो, हे त्यांच्या कागदावर होतं. दोन्ही बाजू जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता, आणि संध्याकाळी पश्चिमेकडून पूर्वेला येणं म्हणजे काय हे अंधेरीतल्या कुणाला सांगायला नको. आम्ही जोगेश्वरीच्या पुलावरून वळसा घेतला. गाडीतला एसी पूर्ण ताकदीनं चालू असूनही मे महिन्यातलं ऊन काचेतून आत येत होतं आणि भुलीतून नुकता जागा झालेला, घशात ताज्या जखमा असलेला सव्वीस किलोचा प्राणी माझ्या मांडीवर फुरफुरत होता. निघताना काउंटरवरच्या मुलानं सांगितलं होतं, "गरमी आहे, पाणी भरपूर पाजा." हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही तसंच केलं.

रात्री दहाच्या सुमारास त्याच्या तोंडातून पाणी आणि फेस परत आला. उलटीसारखे उमाळे नव्हते, नुसतं ओघळून आलं. दवाखान्याचा नंबर लावला. बराच वेळ वाजला, मग कुणीतरी उचलून म्हणालं, "घोरतोय ना? मग श्वास चालू आहे. झोपू द्या." त्यानंतर तो नंबर बंद झाला. मध्यरात्रीनंतर आवाज बदलला. घोरणं थांबलं आणि श्वास घेताना एक बारीक, चिरका आवाज यायला लागला. पोट प्रत्येक श्वासाला आत ओढलं जात होतं. तो बसायचा, मान लांब करायचा, पुढचे पाय फाकवायचा, पण आडवा व्हायला तयार नव्हता. माझ्या मुलानं टॉर्च लावून हिरड्या पाहिल्या, त्या राखाडी होत्या. चादरीत घालून खाली आणला. दोन कॅबवाल्यांनी कुत्रा पाहून ट्रिप कॅन्सल केली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी गाडी काढली आणि वांद्र्याच्या बाजूला रात्री उघडा असणारा एक दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी ऑक्सिजन, मग सूज उतरायला इंजेक्शन, मग अ‍ॅड्रेनलिनची वाफ. घशाला बाहेरून छेद देऊन नळी बसवायचं सामान त्यांनी शेजारी मांडून ठेवलं; सुदैवानं लागलं नाही. तो जरा स्थिर झाल्यावर त्यांनी आमचा डिस्चार्जचा कागद मागितला. एक अँटिबायोटिक, एक दुखण्याचं औषध, आठवड्यानं दाखवायला या. त्यांनी कागद उलटून पाहिला. मागच्या बाजूला ग्रूमिंगवर सवलतीची जाहिरात होती. त्यांनी पुन्हा पुढची बाजू पाहिली आणि विचारलं, "खाण्यापिण्याच्या सूचनांचं दुसरं पान कुठंय?" दुसरं पान नव्हतं. मग विचारलं, "पित्ताचं औषध आधीपासून चालू होतं का?" नव्हतं. "घशातली नळी काढली तेव्हा तो मान उचलत होता का?" मी म्हटलं, नाही, पडूनच होता. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान खाली घालून लिहीत राहिल्या. तेव्हा मला कळलं की काचेपलीकडे मी काय पाहिलं होतं.

एक्स-रेमध्ये फुप्फुसात डाग दिसला. पोटातलं वर आलेलं पाणी श्वासावाटे आत गेलं होतं. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया. या कुत्र्यांना जोर लावून श्वास घेता घेता पोटातलं आम्ल वर यायची सवयच असते, आणि भुलीनंतर सुस्त असलेल्या, सुजलेल्या घशाला ते अडवता येत नाही. हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं म्हणे. गुंडू बरेच दिवस ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात होता.

पहिल्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. गोडवा गेला होता. "तुम्ही पाणी पाजलंत ना? तिथंच गडबड झाली." मी काउंटरवरच्या मुलाकडे पाहिलं, त्यानं मान फिरवली. बिलात "ऑब्झर्व्हेशन चार्जेस" म्हणून एक ओळ होती. ऑब्झर्व्हेशन कोणी केलं आणि केव्हा, हे विचारल्यावर "सिस्टिममध्ये येतंच ते" असं उत्तर मिळालं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

पैसे, यंत्रं, लेझर की कात्री हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा विचारा, की त्या रात्री माझ्या कुत्र्याजवळ जागं कोण असेल? "डॉक्टर फोनवर असतात" हे उत्तर नाही. सूज पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते, म्हणून किमान पहिली रात्र ऑक्सिजन आणि जागा माणूस असलेल्या जागी काढलीच पाहिजे. रात्री शटर ओढणाऱ्या दवाखान्यात हे ऑपरेशन करूच नका, सर्जन कितीही नावाजलेला असो. तेव्हा मुंबईत पर्याय कमी होते. आता २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय चोवीस तास चालतं. परळला बाई साकरबाईंचं जुनं रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. कुठे काय होतं ते फोन करून आधी विचारा, आणि रात्रीचा रस्ता एकदा प्रत्यक्ष पाहून ठेवा.

दुसरं, नळीबद्दल बोला. बुलडॉगची नळी सगळ्यात शेवटी काढतात. तो पूर्ण जागा झाला, मान उचलून नळी चावायला लागला, ती नकोशी झाली, की मग. तोवर त्याला छातीवर, डोकं जरा उंच ठेवून झोपवतात. "आमच्या कुत्र्याची नळी उशिरा काढा" असं तोंडावर म्हणा. राग आला तर येऊ दे त्यांना.

पित्ताचं आणि उलटी थांबवणारं औषध आधीपासून सुरू करायचं का, हे विचारा. घरी आल्यावर पाणी थोडं थोडं, भांडं उंचावर ठेवून. खाणं मऊ, छोटे गोळे करून हातानं. मोकळा भात नको, त्याची शितं घशात अडकतात. कोरडे दाणे निदान दोन आठवडे तरी नकोत. गळ्यात पट्टा पुन्हा कधीच घालू नका, हार्नेस आणा. बेल वाजली की भुंकतो, म्हणून आम्ही दारावरची बेलच काढून ठेवली होती. एसी चालू ठेवा आणि वीज गेली तर कुठे जायचं ते ठरवून ठेवा. फिरवणं महिनाभर फक्त शू-शीपुरतं.

झोपेत श्वास मोजायला शिका. शांत झोपलेल्या कुत्र्याचे मिनिटाला तीसच्या आत असतात. सतत त्याच्या वर जायला लागले, ताप आला, खोकला सुरू झाला, की सकाळची वाट पाहू नका. हिरड्यांचा फोटो ऑपरेशनच्या आधीच काढून ठेवा, म्हणजे रात्री रंगाची तुलना करता येते. आणि घोरणं ऐकून निश्चिंत होऊ नका. सुजेमुळे पहिले काही दिवस घोरणं उलट वाढतं. आवाज बदलला, बारीक झाला, श्वासाला पोट आत ओढलं जायला लागलं, तर ती धोक्याची घंटा.

वजन उतरवा. कागद जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हे सगळे सांगतात, मीही सांगते. एक कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे, केंब्रिजच्या पशुवैद्यकांनी या कुत्र्यांसाठी एक साधी तपासणी तयार केली आहे आणि ब्रिटनच्या केनेल क्लबनं ती २०१९ पासून वापरात आणली आहे. श्वास ऐकायचा, तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं, पुन्हा ऐकायचं आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. यंत्र लागत नाही, स्टेथोस्कोप पुरतो. ऑपरेशनच्या आधी आणि काही महिन्यांनी ही श्रेणी लिहून मागा. फरक पडला की नाही हे त्यांच्या गोड बोलण्यावरून ठरवायला नको.

आणि तारीख. जीव आजच धोक्यात नसेल, तर डिसेंबर-जानेवारी सोडून दुसरी तारीख मान्य करू नका. एसी थिएटर त्यांचं असतं, घरी यायचा रस्ता आपला असतो.

ऑब्झर्व्हेशनचे पैसे मी पहिल्या दवाखान्याकडे लेखी परत मागितले आहेत, दोन्ही दवाखान्यांच्या कागदांच्या प्रती जोडून. त्यांच्याकडून अजून उत्तर नाही. गुंडूच्या लसीची आठवण करून देणारे मेसेज मात्र वेळच्या वेळी येतात. राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करायच्या तक्रारीचा मसुदा तयार आहे. हे म्हणतात, सोडून दे आता. मी सोडणार नाही.