जपानी व कोरियन चित्रकथांची पारख

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हातीं हल्लीं जपानी व कोरियन चित्रकथांचीं इंग्रजी भाषांतरें वारंवार दिसूं लागलीं आहेत. त्यांविषयीं पालकांचीं मतें बहुधा दोन टोकांस असतात. कोणी म्हणतात, चित्रांचें पुस्तक म्हणजे लहान मुलांची करमणूक. त्यांत पारखण्यासारखें काय आहे? कोणी म्हणतात, मारामारीनें भरलेलें हें परदेशी वाङ्मय मुलांच्या दृष्टीसही पडूं नये. हीं दोन मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे, आणि तें म्हणजे पुस्तक न उघडतांच त्याचा निकाल लावणें. पुस्तक उघडून, शेवटपर्यंत वाचून, मग कोणत्या कसोट्या लावाव्या, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या वाङ्मयाची थोडी ओळख करून घेऊं. जपानी चित्रकथेस 'मांगा' असें म्हणतात. होकुसाई या प्रख्यात चित्रकारानें आपल्या रेखाचित्रांच्या संग्रहास हेंच नांव दिलें होतें. त्या संग्रहाचा पहिला भाग १८१४ सालीं निघाला. आजच्या स्वरूपाची मांगा मात्र पुष्कळ पुढची. तिला घडविणाऱ्यांत ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांचें नांव अग्रभागीं येतें. वैद्यकीचें शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनीं आपलें आयुष्य चित्रकथेस वाहिलें, आणि १९७२ ते १९८३ या काळांत गौतम बुद्धाच्या चरित्रावर एक प्रदीर्घ चित्रकथा रचिली. जपानांत अशी कथा बहुधा आधीं नियतकालिकांतून क्रमशः येते व मागाहून पुस्तकरूपानें निघते. हीं नियतकालिकें वाचकवर्ग ठरवून काढिलेलीं असतात : 'शोनेन' मुलग्यांसाठीं, 'शोजो' मुलींसाठीं, 'सेनेन' तरुण पुरुषांसाठीं, 'जोसेइ' प्रौढ स्त्रियांसाठीं. यावरून हें उघड होतें कीं, चित्रें आहेत म्हणून पुस्तक मुलांचें, हा समज जपानी वाङ्मयास लागू पडत नाहीं. पुस्तक हातीं येतांच तें मुळांत कोणासाठीं रचिलें होतें, हें पाहावें.

कोरियन चित्रकथेचें नांव 'मान्ह्वा'. हा शब्द व 'मांगा' हा शब्द, दोन्ही एकाच चिनी अक्षरजोडीचे उच्चार आहेत. सन २००३ व २००४ मध्यें दाउम आणि नेव्हर या कोरियन संकेतस्थळांनीं आपलीं चित्रकथांचीं दालनें उघडलीं, आणि तेथून 'वेबटून' हा प्रकार वाढीस लागला. वेबटूनला पान नसतें. वाचक फोनच्या पडद्यावर बोट फिरवून कथा वरून खालीं सरकवितो. दोन चौकटींमध्यें सोडलेली मोकळी जागा जितकी लांब, तितका कथेंतील काळ थांबल्यासारखा वाटतो. ज्यास पान नाहीं त्यास शेवटचें पानही नाहीं. म्हणून वाचनास आवर घालण्याचें काम येथें वाचकासच करावें लागतें.

आतां कसोट्यांकडे वळूं. पुष्कळ इंग्रजी आवृत्त्यांवर वयाचा निर्देश असतो : सर्वांसाठीं, तेरा वर्षांपुढें, सोळा वर्षांपुढें, अठरा वर्षांपुढें. हा निर्देश उपयोगी आहे. परंतु तो औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसारखा आहे, वैद्याच्या सल्ल्यासारखा नव्हे. पुस्तकांत रक्तपात, अपशब्द अथवा नग्नता आहे कीं नाहीं, इतकेंच तो सांगतो. त्या गोष्टी तेथें कशासाठीं आल्या आहेत, हें त्यावरून समजत नाहीं. म्हणून आमची पहिली कसोटी अशी : पुस्तकांत दुःख दाखविलें असेल, तर त्याची किंमत कोणी मोजलेली दिसते काय?

या कसोटीचें उत्तम उदाहरण म्हणजे केइजी नाकाझावा (१९३९–२०१२) यांची 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन' ही कथा. ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हां नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशानें ते बचावले. त्यांचे वडील, बहीण व धाकटा भाऊ मृत्यु पावले. ही हकीकत त्यांनीं १९७३ पासून एका किशोर-साप्ताहिकांत चित्ररूपानें सांगण्यास आरंभ केला. तींतील कित्येक चित्रें पाहवत नाहींत. तरी त्या चित्रांत एकही मरण गंमतीखातर आलेलें नाहीं. जो मेला त्याच्यामागें रडणारें, उपाशी राहणारें, पुन्हां उभें राहणारें माणूस तेथें आहेच.

या पुस्तकाची पुढची कहाणी पालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. डिसेंबर २०१२ मध्यें जपानांतील मात्सुए शहराच्या शिक्षणखात्यानें शाळांस असें सुचविलें कीं, हें पुस्तक उघड्या फडताळावर न ठेवतां बंद कपाटांत ठेवावें. जपानी सैनिकांच्या अत्याचारांचीं चित्रें अतिशय उग्र आहेत, असें कारण सांगण्यांत आलें. ही गोष्ट पुढील उन्हाळ्यांत बाहेर येतांच मोठा गवगवा झाला, आणि ऑगस्ट २०१३ मध्यें ती सूचना मागें घेण्यांत आली. पुढें २०२३ सालीं खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळानें आपल्या शांतता-शिक्षणाच्या पाठांतून या कथेचे उतारे वगळले. वगळण्यास कारण झालेल्या प्रसंगांपैकीं एक असा : आई गरोदर व अशक्त आहे, तिला कांहीं पौष्टिक खावयास मिळावें म्हणून गेन दुसऱ्याच्या तळ्यांतील मासा चोरतो. लहान मुलांस याचा विपरीत अर्थ लागेल, अशी तेथील शंका होती.

ही शंका अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिसरीच्या वर्गांतील बालकापुढें तो प्रसंग एकटा, मागचा-पुढचा संदर्भ तोडून ठेवला, तर घोटाळा होण्याचा संभव आहे. पण यांत दोष माशाचा नसून तोडलेल्या संदर्भाचा आहे. चौदा वर्षांच्या मुलास 'चोरी वाईट' हें ठाऊक असतें. युद्ध मुलास चोरी करावयास कसें लावतें, हें मात्र त्यास ठाऊक नसतें. तें त्यास या कथेंत कळतें. म्हणून आमचा अभिप्राय असा कीं, हें पुस्तक तेरा वर्षांपुढील वाचकांस द्यावें, परंतु वडील माणसानें सोबत वाचावें. आणि उत्तरार्धांतील उग्र भाग वाचक थोडा पोक्त झाल्यावर द्यावा. बंद कपाट हा त्यावर उपाय नव्हे.

दुसरी कसोटी : दुबळ्याचें चित्र कोणत्या नजरेनें काढिलें आहे? पुष्कळ हलक्या कथांत लठ्ठ मुलगा, तोतरें बोलणारा सोबती किंवा लाजाळू मुलगी ही हंसण्याची सोय म्हणून आणलेली असते. मुलींचे अपुरे पोषाख विनोदाच्या नांवाखालीं खपविले जातात. अशा ठिकाणीं एक थेंबही रक्त नसलें, तरी पुस्तक अभिरुचीस बाधक होतें. याच्या उलट योशितोकी ओइमा यांची 'कोए नो काताची' ही सात भागांची कथा पाहावी. ती २०१३–१४ मध्यें क्रमशः प्रसिद्ध झाली. शोको नांवाची बहिरी मुलगी नव्या शाळेंत येते. शोया नांवाचा मुलगा तिची टिंगल करतां करतां तिचीं श्रवणयंत्रें मोडूं लागतो. वर्ग हंसतो, शिक्षक कानाडोळा करितात. प्रकरण अंगावर येतांच सर्वजण एकट्या शोयावर दोष ढकलून मोकळे होतात. पुढें वाढत्या वयांत तो आपल्या अपराधाचें परिमार्जन कसें करूं पाहतो, हा या कथेचा विषय. यांत नुसता दुष्ट असा कोणी नाहीं, आणि नुसता प्रेक्षक म्हणून निर्दोष असाही कोणी नाहीं. ज्या वर्गांत एखाद्या मुलास टोपणनांवानें छळलें जातें, त्या वर्गानें ही कथा अवश्य वाचावी. मात्र तींत आत्मघाताच्या विचाराचे व प्रयत्नाचे प्रसंग आहेत. ज्याचें मन आधींच खचलेलें आहे, त्याच्या हातीं ती एकट्यानें वाचावयास देऊं नये.

तिसरी कसोटी : वाचकाची सहानुभूति पुस्तक कोठें नेऊन ठेवितें? त्सुगुमी ओबा व ताकेशी ओबाता यांची 'डेथ नोट' (२००३–२००६) ही कथा आमच्या मुलांत फार लोकप्रिय आहे. लाइट नांवाच्या एका अति हुशार विद्यार्थ्यास अशी वही सांपडते कीं, तींत ज्याचें नांव लिहावें तो मरतो. गुन्हेगार नाहींसे करून जग शुद्ध करण्याचें तो मनावर घेतो. येथें रक्त फारसें नाहीं. मरण हें केवळ कागदावरील अक्षर होऊन बसतें, आणि खरा धोका तोच आहे. लाइटची बुद्धि वाचकास मोहविते, व नकळत वाचक त्याच्या बाजूस उभा राहतो. कथा शेवटीं त्याचा हिशेब करते. परंतु तो बारा भागांच्या अखेरीस होतो, आणि अर्ध्यावर वाचन सोडणारा विद्यार्थी नेमका धडा चुकवितो. या कथेच्या इंग्रजी आवृत्तीवर वय सोळा वर्षांपुढें सांगितलें आहे. तें आम्हांस योग्य वाटतें. ती वाचणाऱ्यास आम्ही एवढेंच विचारूं : वहींतील पहिलें नांव लिहिलें गेलें तेव्हां तुला काय वाटलें, आणि शंभरावें लिहिलें गेलें तेव्हां काय वाटलें?

याच संदर्भांत कोरियन चित्रकर्ती कुम सुक जाँद्री-किम यांच्या 'गवत' या पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. जॅनेट हाँग यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २०१९ सालीं निघालें. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें ज्या कोरियन मुलींस पळवून नेऊन त्यांची विटंबना केली, त्यांपैकीं ली ओक-सुन यांची ती जीवनकथा आहे. अत्यंत क्रूर प्रसंग आला असतां चित्रकर्ती तो दाखवीत नाहीं. ती चौकटी काळ्या करून सोडते. काय दाखवावें याइतकेंच काय झांकावें, यावरही लेखकाचें शील कळतें. हें पुस्तक सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांसाठीं आहे, व त्यांनीं तें वाचावें.

चौथी कसोटी भाषांतराची. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचावयाचें असतें. पूर्वीं इंग्रजी आवृत्त्यांत चित्रें आरशांतल्याप्रमाणें उलटीं छापीत. त्यामुळें उजव्या हाताचा मनुष्य डावरा होई. आणि किमोनोचा डावा पदर वर असावयाचा तो खालीं जाई, जो जपानी रीतीप्रमाणें प्रेतास नेसविण्याचा प्रकार आहे. आतां बहुतेक आवृत्त्या मूळची दिशाच राखतात. वाचकानें ती संवय करून घ्यावी. दुसरी गोष्ट संबोधनांची. जपानींत नांवापुढें 'सान', 'कुन', 'चान', 'सामा' लागतात व त्यांवरून नातें, वय, आदर कळतो. कोरियन मुलगा वडील भावास 'ह्योंग' म्हणतो, मुलगी 'ओप्पा' म्हणते; वडील बहिणीस मुलगा 'नूना' व मुलगी 'ऑन्नी' म्हणते. इंग्रजींत हें सारें बहुधा गळून पडतें. आपल्या मराठींत दादा, ताई, अरे, अहो यांवांचून घरांतील बोलणें चालत नाहीं. त्यामुळें इंग्रजी वाचतांना येथें कांहीं तरी हरवलें आहे, हें मराठी मुलास चटकन् उमगावें. ध्वनींचेंही तसेंच. धडधडणाऱ्या हृदयास जपानींत 'दोकी दोकी' हा शब्द आहे, आणि पूर्ण शांततेसही 'शीन' हा शब्द चौकटींत लिहितात. मराठी धडधड, सळसळ, किर्र यांनीं समृद्ध असल्यानें या बाबतींत ती इंग्रजीहून जपानीस अधिक जवळची आहे.

कांहीं ठिकाणीं तर भाषांतरकार हतबल होतो. वर सांगितलेल्या कथेंत शोको मोठ्या प्रयासानें तोंडानें बोलून शोयास 'सुकी' म्हणजे 'तूं आवडतोस' असें सांगते. अस्पष्ट उच्चारामुळें त्यास 'त्सुकी' म्हणजे 'चंद्र' असें ऐकूं येतें. हा गैरसमज मराठींत कसा आणावा? दोन शब्द आपल्याकडे इतके जवळ नाहींत. चांगला भाषांतरकार येथें कांहीं युक्ति करितो अथवा टीप देतो; वाईट भाषांतरकार प्रसंग गुळगुळीत करून पुढें जातो. मराठीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें एक पान मराठींत उतरवून पाहावें; भाषांतर म्हणजे काय, तें त्यांस एका तासांत समजेल.

ह्याच कारणास्तव चोरून टाकलेल्या फुकट प्रतींपासून दूर राहावें, असें आमचें सांगणें आहे. तेथें बहुधा भाषांतरकाराचें खरें नांव नसतें, वयाचा निर्देश नसतो, आणि रात्रंदिवस चित्रें काढणाऱ्या कलावंतास एक पैही मिळत नाहीं. माशाची चोरी गेननें भुकेपोटीं केली. आपल्यावर तशी पाळी आलेली नाहीं.

पवित्र शास्त्रांत चोरांच्या हातीं सांपडून अर्धमेला पडलेल्या वाटसरूचा दाखला आपण वाचतों. त्यांत जखम लपविलेली नाहीं. पण ती जखम श्रोत्यास शेजारधर्माच्या प्रश्नाकडे नेते. जें पुस्तक जखम दाखवून वाचकास जखमी माणसाकडे वळवितें, तें चांगलें. जें जखम दाखवून केवळ आणखी एक जखम पाहण्याची भूक वाढवितें, तें टाकाऊ. मग त्यावर कोणत्याही वयाचा शिक्का असो. पालकांनीं पाल्याच्या हातांतील पुस्तक हिसकावून न घेतां एक भाग स्वतः वाचावा व त्यावर जेवतांना बोलावें. आणि विद्यार्थ्यांनींही जें पुस्तक आईवडिलांसमोर उघडावयास संकोच वाटतो, तें आपण कां वाचतों, हें स्वतःस प्रामाणिकपणें विचारावें. एवढें झालें तरी पारखीचें अर्धें काम घरच्या घरींच होईल.