हार्ड डिस्कवरील पार्टिशनची आखणी व आठाचा पाढा

उद्देश : शाळेची पटनोंद व गुणपत्रके संगणकात ठेवली असता, नवी हार्ड डिस्क बसवूनही काम मंद चालल्यास दोष यंत्राचा नसून आखणीचा असू शकतो, हे शिक्षकांच्या ध्यानी यावे, व त्यातून विभाज्यतेचा पाठही साधावा.

विवेचन : हार्ड डिस्कवरील जागेचे जे लहान खंड पाडलेले असतात, त्यांस सेक्टर म्हणतात. पूर्वी सेक्टर ५१२ बाइटचा असे. सुमारे २०१० पासून तबकडीवरील प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा, म्हणजे आठपट मोठा, होऊ लागला. तथापि जुन्या संगणकांची अडचण होऊ नये म्हणून पुष्कळ डिस्क बाहेरून ५१२ बाइटचीच मोजणी दाखवितात. विंडोज एक्सपीमध्ये पहिले पार्टिशन ६३ सेक्टर सोडून सुरू होई. घोटाळा येथेच होतो.

पानास आठ ओळी असलेली वही घ्यावी. ६३ ओळी सोडून आठ ओळींचा उतारा लिहिल्यास पहिली ओळ आठव्या पानाच्या तळाशी पडेल व उरलेल्या सात नवव्या पानावर जातील. पुढील प्रत्येक उतारा असाच दुभंगेल. एक ओळ बदलावयाची तरी सबंध पान पुन्हा लिहावे, असा नियम असल्यास एका उताऱ्यापायी दोन पाने लिहावी लागतील. डिस्कचेही तसेच होते. ती जुना मजकूर वाचते, त्यात बदल करते व तबकडीचा फेरा पूर्ण होताच लिहिते. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग लागतो. वाचनात तोटा थोडा. अनेक लहान फाइली लिहिताना मात्र फार.

पडताळा : २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन २०४८ सेक्टर सोडून सुरू होते. २०४८ ला ८ ने नि:शेष भाग जातो. ६३ ला भागिले असता ७ बाकी उरते. परंतु जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरविल्यास जुना दोषही उतरतो.

सूचना : पार्टिशन सरकविण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत अन्यत्र काढावी व ती उघडून पाहावी. घाईत वेग मिळेल, पण पटनोंद गमावेल.

वर्गकार्य : ६३, ६४, ७२ व १०० ओळी सोडल्यास उतारा कोणत्या वेळी एकाच पानावर बसेल, हे मुलांनी वहीत आखून व भागाकार करून दाखवावे.