छंदातून व्यवसाय : लघुमूर्ती रंगवणाऱ्यांच्या जगाची ओळख



"हात छान आहे रे तुझा, पण यातून पोट भरणार आहे का?" चित्र काढणाऱ्या, मातीकाम करणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाला हा प्रश्न घरात कधी ना कधी ऐकावा लागतो. प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते कागद-पेन्सिल घेऊन, हिशेब करून द्यावं लागतं.

आजच्या लेखात आपण असाच एक छंद घेणार आहोत. तो आपल्याकडे फारसा परिचित नाही, पण इंग्लंड, स्पेन, अमेरिका अशा देशांत काही लोक त्यावर घर चालवतात. तो छंद म्हणजे लघुमूर्ती रंगवणे.

लघुमूर्ती म्हणजे काय?

आपल्याकडे 'मिनिएचर पेंटिंग' म्हटलं की राजस्थानी किंवा मुघल लघुचित्रं आठवतात. इथे आपण कागदावरच्या चित्रांबद्दल बोलत नाही. इथे मूर्तीच लहान असते. दिवाळीत आपण किल्ल्यावर मावळे मांडतो ना, त्यांचेच धाकटे भाऊ समजा. प्लॅस्टिक, रेझिन किंवा धातूची ही मूर्ती साधारण २८ मिलिमीटर उंचीची, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी असते. तिच्या अंगावर चिलखत, पट्टे, खिसे, तलवारीची मूठ असं सगळं कोरलेलं असतं. डोळा तर मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान!

या मूर्ती टेबलावर मांडून युद्धाचे खेळ खेळतात. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले होते. पुढे १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी 'गेम्स वर्कशॉप' ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला ते हाताने बनवलेले लाकडी पट विकत. १९७९ मध्ये मूर्ती बनवणारी 'सिटाडेल मिनिएचर्स' आली, १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आला आणि १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००'. आज या कंपनीचं मुख्यालय इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. म्हणजे 'खेळणी' म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं हे काम राहिलेलं नाही.

मग रंगवणाऱ्याची गरज का पडते?

कारण बहुतेक मूर्ती बिनरंगाच्या आणि सुट्या भागांत विकल्या जातात. त्या जोडायच्या, चिकटवायच्या आणि रंगवायच्या हे काम विकत घेणाऱ्याचं. शिवाय 'वॉरहॅमर ४०,०००'च्या २०२० च्या नियमांपासून ज्याचं सैन्य पूर्ण रंगवलेलं असेल, त्याला खेळातल्या १०० पैकी १० गुण त्यासाठीच मिळू लागले.

आता बघा, एखाद्याला खेळायला आवडतं, खिशात पैसेही आहेत, पण पन्नास-साठ सैनिक रंगवायला वेळ नाही किंवा हात स्थिर नाही. असा माणूस दुसऱ्याला पैसे देऊन ते काम करून घेतो. याला 'कमिशन'वर रंगवणे म्हणतात. छंदाचा व्यवसाय होण्याचं मूळ या गरजेत आहे. आपल्याला रंगवायला आवडतं म्हणून कोणी पैसे देत नाही. समोरच्याची अडचण सुटते म्हणून तो पैसे देतो.

एक मूर्ती कशी रंगते?

१. साफसफाई आणि जोडणी : साच्याच्या जोडावर उरलेली बारीक रेघ पात्याने खरवडून काढायची, मग भाग चिकटवायचे.

२. प्रायमर : रंग धरून राहावा म्हणून आधी काळा, पांढरा किंवा राखाडी अस्तराचा थर द्यायचा.

३. मूळ रंग : प्रत्येक भागाला त्याचा मुख्य रंग द्यायचा. रंग ॲक्रिलिक असतो आणि तो पाण्याने पातळ करून घेतात. एक जाड थर दिला तर कोरीवकाम बुजतं. त्यामुळे दोन पातळ थर बरे.

४. वॉश : हा अगदी पातळ, गडद रंग. तो खोलगट जागेत उतरतो आणि सावली आपोआप तयार होते.

५. हायलाइट : जिथे उजेड पडेल अशा कडांवर फिकट रंगाच्या बारीक रेघा ओढायच्या.

६. तळ आणि वॉर्निश : पायाखालच्या चकतीवर वाळू-गवत लावायचं आणि शेवटी रंग टिकावा म्हणून वॉर्निश मारायचं.

या कामात 'ओलं पॅलेट' फार उपयोगी पडतं. डब्यात ओला स्पंज ठेवायचा, त्यावर बेकिंगचा कागद पसरायचा आणि त्यावर रंग काढायचा. खालच्या ओलाव्यामुळे रंग लवकर वाळत नाही. घरच्या घरी दहा मिनिटांत तयार होणारी ही वस्तू आहे.

पोटापाण्याचे तीन रस्ते

पहिला रस्ता, कंपनीत नोकरी. गेम्स वर्कशॉपमध्ये 'एव्ही मेटल' नावाचा रंगवणाऱ्यांचा गट आहे. खोक्यावर आणि मासिकात ज्या मूर्तींचे फोटो छापतात, त्या हा गट रंगवतो. माइक मॅकव्हे यांनी एकेकाळी या गटाचं नेतृत्व केलं आणि पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. स्पेनचे आंखेल हिराल्देझ 'कोर्व्हुस बेली' कंपनीच्या 'इन्फिनिटी' या खेळाच्या मूर्ती रंगवून नावारूपाला आले. अशा नोकऱ्या मोजक्याच असतात, हे मात्र लक्षात ठेवा. नजरेत भरण्यासाठी लोक स्पर्धांमध्ये उतरतात. 'गोल्डन डेमन' ही त्यातली प्रसिद्ध स्पर्धा १९८७ पासूनची आहे. तिथल्या सर्वोत्तम मूर्तीच्या रंगकर्मीला चक्क एक मोठी तलवार देतात!

दुसरा रस्ता, कमिशन. घरी बसून ग्राहकांचं काम घ्यायचं. हा रस्ता सर्वांना खुला आहे, म्हणून गर्दीही इथेच जास्त.

तिसरा रस्ता, शिकवणे. डंकन रोड्स हे गेम्स वर्कशॉपच्या व्हिडिओंमधून रंगकाम शिकवायचे. २०१९ मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःची ऑनलाइन अकादमी उभी केली. 'दोन पातळ थर' हे त्यांचं पालुपद इतकं गाजलं की पुढे त्याच नावाची रंगांची मालिका बाजारात आली.

आता हिशेब करू

इथे नीट लक्ष द्या, कारण या लेखाचा गाभा हाच आहे. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, इंग्लंडमधल्या एका रंगकर्मीने १० मूर्तींचं काम घेतलं. दर मूर्तीला २० पौंड, म्हणजे एकूण २०० पौंड. ऐकायला छान वाटतं. आता तास मोजू.

साफसफाई आणि जोडणी : ४ तास
प्रायमर : १ तास
रंगकाम, दर मूर्तीला २ तास : २० तास
तळ आणि वॉर्निश : २ तास
फोटो, ग्राहकाशी बोलणं, बांधणी, टपाल : ३ तास
एकूण : ३० तास

रंग, ब्रश आणि टपालाचा खर्च २० पौंड धरू. उरले १८० पौंड. १८० ला ३० ने भागलं की तासाला फक्त ६ पौंड. आता याच्याशेजारी एक खरा आकडा ठेवा. ब्रिटनमध्ये २१ वर्षं आणि त्यापुढच्या कामगारांचं किमान वेतन एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड होतं. म्हणजे आपल्या कुशल रंगकर्मीला दुकानात सामान लावणाऱ्या कामगाराच्या निम्मीही मजुरी पडली नाही! वर भरपगारी रजा नाही आणि करही स्वतःच भरायचा.

यावर उपाय काय? दोन आहेत आणि ते बरोबरीने करावे लागतात. एक, दर वाढवणे. दुसरा, दर्जा न घालवता वेळ कमी करणे. दहाही मूर्ती ओळीने मांडायच्या. आधी सगळ्यांची चिलखतं, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांचे चेहरे. रंग एकदाच कालवला जातो आणि हातालाही वळण लागतं. अशाने रंगकाम २० तासांवरून १२ तासांवर आलं, तर एकूण २२ तास होतील. दर ३० पौंड केला तर ३०० वजा २० म्हणजे २८० पौंड. २८० भागिले २२, तासाला सुमारे १२.७० पौंड. आता कुठे किमान वेतन गाठलं!

दर वाढवला तर ग्राहक पळतील अशी भीती वाटते, आणि काही पळतीलही. पण तासाला ६ पौंडांवर टिकून राहिलेला ग्राहक आपल्याला महिन्याचं घरभाडं देऊ शकत नाही, हे कागदावर दिसलं की निर्णय घेणं सोपं जातं.

छंद आणि व्यवसाय यांत काय बदलतं?

छंदात आपण आवडती मूर्ती निवडतो, कंटाळा आला की बाजूला ठेवतो. व्यवसायात मूर्ती ग्राहक निवडतो, रंगही तोच सांगतो आणि तारीखही ठरलेली असते. पहिली मूर्ती आणि चाळिसावी मूर्ती शेजारी ठेवली तर फरक दिसता कामा नये.

आपल्या पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सराईत हाताच्या कारागिराकडेच असते. एक डोळा सुंदर काढणारे पुष्कळ सापडतील. पण हंगामात एकामागून एक मूर्तींचे डोळे तितक्याच जिवंतपणे काढणं, तेही चतुर्थीच्या आत, हे ज्याला जमतं त्याला कारागीर म्हणतात. लघुमूर्तींचंही तसंच आहे. आपली सर्वोत्तम मूर्ती बघून स्वतःची पारख करू नका. थकलेल्या दिवशी रंगवलेली मूर्ती बघा. ग्राहकाच्या हातात बऱ्याचदा तीच पडणार असते.

आणखी एक गोष्ट. आवडीचं काम पोटाचं झालं की आवड आटण्याचा धोका असतो. म्हणून पुष्कळ रंगकर्मी एखादी मूर्ती फक्त स्वतःसाठी, कोणतीही तारीख न ठरवता रंगवत असतात. ते जरूर करावं.

शरीराची काळजी

हे काम तासन्‌तास मान वाकवून चालतं. टेबल उंच घ्या किंवा मूर्ती डोळ्यांसमोर धरा. पांढरा, भरपूर उजेड हवा. अधूनमधून उठून लांब बघा. ब्रशला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरायची सवय लावू नका. रंगात काय काय मिसळलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं आणि जुन्या मूर्तींच्या धातूत शिसंही असायचं. एअरब्रश किंवा स्प्रे मारताना मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

सुरुवात करायची असेल तर

१. नोकरी किंवा शिक्षण सोडू नका. आधी फावल्या वेळात करा.
२. प्रत्येक मूर्तीला किती वेळ लागला ते वहीत लिहा. निदान वीस मूर्तींची नोंद हवी.
३. एकाच खेळाडूचं छोटं काम घ्या, पाच मूर्तींचं. तारीख आधी ठरवा आणि पाळा.
४. आगाऊ रक्कम घ्या. रंग, दर्जा आणि दर लिहून घ्या. तोंडी बोलण्यातून भांडणं होतात.
५. ग्राहक परदेशात असेल तर जाण्या-येण्याचं टपाल आणि जकात हिशेबात धरा.
६. ग्राहकाची मूर्ती रंगवून देणं वेगळं आणि कंपनीच्या मूर्तीचा साचा काढून नकला विकणं वेगळं. दुसरं काम बेकायदेशीर आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

तर मित्रांनो, "यातून पोट भरेल का?" असं कोणी विचारलं तर चिडू नका. वही उघडून दाखवा. वीस मूर्ती, इतके तास, इतका खर्च, तासाला इतके पैसे. आकडा कमी निघाला तर तो छंद म्हणून जपा, त्यात कमीपणा नाही. आकडा जमला तर पुढचं पाऊल टाका. पालकांनाही एक विनंती, मुलाला नको म्हणण्याआधी त्याच्याबरोबर बसून हा हिशेब एकदा मांडा.

स्वाध्याय

१. वॉश आणि हायलाइट यांत काय फरक आहे?
२. वरच्या पहिल्या उदाहरणात ३० तास कायम ठेवून तासाला १२.२१ पौंड मिळवायचे असतील, तर दर मूर्तीला किमान किती पौंड घ्यावे लागतील?
३. तुमच्या गावातल्या एखाद्या कारागिराला भेटा. एका वस्तूला किती वेळ लागतो आणि दर कसा ठरवतात ते विचारून दहा ओळी लिहा.