चिरा निखळला म्हणून तट पाडू नये

ख्रिस्तसभेत अडचण आली की आपण एकतर ती झाकतो, नाहीतर रागावून मिस्साच सोडतो.

पहिल्या मंडळीतही तक्रार झाली (प्रे. कृत्ये ६:१-६). ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाई. प्रेषितांनी कोणाला गप्प बसवले नाही, की वाटपही थांबवले नाही. सर्वांना बोलावून सात विश्वासू माणसे नेमली.

मुंबईत उलट घडले. पोर्तुगीज पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा यांच्या वादातून १७९४ साली एकाच शहरात दोन धर्माधिकार झाले. ही दुफळी १९२८ पर्यंत टिकली. वाद हक्कांचा, भोगले भाविकांनी!

परंड्याच्या किल्ल्याचा चिरा निखळला तर आपण तट पाडत नाही. चिरा नीट बसवतो. मतभेद असेल तर आधी त्या व्यक्तीलाच एकांतात भेटू या (मत्तय १८:१५). नाही जमले तर दोघा-तिघांना सोबत घेऊ, मग धर्मगुरूंना सांगू. मात्र लेकरावर किंवा दुबळ्यावर अत्याचार होत असेल तर एकांतात मिटवू नये. लगेच वरिष्ठांना व पोलिसांना कळवावे.

प्रभू आपल्याला सत्य आणि संयम दोन्ही देवो.