रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण तापाचा दिवस कितवा?

पावसाळ्यात कळव्यापासून कल्याण पूर्वेपर्यंत आपल्या वस्त्यांत घरोघरी ताप असतो. नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिले जाते, कागदावर ‘डेंग्यू निगेटिव्ह’ दिसते आणि घरचे निर्धास्त होतात. पण कुठली तपासणी, तापाच्या कितव्या दिवशी केली, हे पाहिल्याशिवाय त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

लॅब दोन गोष्टी शोधते. एक तर रोगाचा जंतू किंवा त्याचा अंश. नाहीतर त्या जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी. या तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि रोग गेल्यावरही त्या रक्तात राहतात. सगळा घोळ इथेच होतो.

डेंग्यूची ‘एनएस-वन’ तपासणी विषाणूचे प्रथिन शोधते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत ती उपयोगी. ‘आयजीएम’ अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसानंतर नीट सापडतात. दुसऱ्याच दिवशी नुसती आयजीएम केली, तर डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. कार्डावरची झटपट तपासणी अंदाजापुरती. सरकारी यंत्रणा एलायझा पद्धतीची तपासणी पक्की धरते. तिचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था बनवते आणि देशभर पुरवते.

म्हणून ताप आला तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ताप उतरला की डेंग्यू संपला असे समजू नका, नेमका तेव्हाच धोका वाढतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, यातले काहीही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

टायफॉइडची विडाल तपासणी १८९६ सालची. तीही अँटिबॉडीच पाहते. जुन्या संसर्गामुळेसुद्धा ती पॉझिटिव्ह येते, आणि तेवढ्यावर सलाईन-इंजेक्शनांत मजुराची महिन्याची कमाई जाते. ब्लड कल्चरमध्ये रक्तातले जिवाणू वाढवून पाहतात, कुठले औषध लागू पडेल तेही कळते. निकालाला काही दिवस लागतात. मात्र रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावे लागते. डॉक्टरांना तसे विचारायला संकोच कसला?

टीबीबाबत तर शंकाच नको. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या किटवर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली, कारण निकाल फसवे निघत. आजही कोणी अशा तपासणीचे पैसे मागितले तर देऊ नका. सीबीनॅट आणि गोव्यात बनणारे ट्रूनॅट ही यंत्रे बेडक्यातल्या जंतूची जनुके शोधतात. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही त्यांवर तपासता येते. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर जा, आणि डबीत तोंडातली लाळ नव्हे, सकाळी खोल खोकून काढलेला बेडका द्या.