पाण्यातील फ्लोराइड आणि विद्युत्-घटाचे तत्त्व

माहूरच्या गडावर रेणुकामातेच्या दर्शनासाठी येणारा भाविक असो, वा पैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या तांड्यावरील रहिवासी असो; पाणी चांगले की वाईट हे तो डोळ्यांनी आणि जिभेनेच ठरवितो. गढूळपणा दिसतो, खारेपणा कळतो. फ्लोराइडला मात्र रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात आढळणाऱ्या प्रमाणात चवही नाही. नांदेड जिल्ह्यातील काही ठिकाणच्या भूजलात ते मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. म्हणून विंधन विहिरींवर विसंबणाऱ्या गावांनी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

फ्लोराइड खडकांतील खनिजांतून पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारार्ह असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी सतत पोटात गेल्यास वाढत्या वयातील मुलांच्या कायम दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. प्रमाण बरेच अधिक असेल तर अनेक वर्षांनी सांधे आखडतात, हाडे वाकतात. एकदा झालेली ही हानी औषधाने भरून येत नाही. ती टाळणे एवढेच हाती असते.

घट म्हणजे काय?

लिंबात तांब्याची एक व जस्ताची एक पट्टी परस्परांना न टेकता खोचली आणि व्होल्टमापक जोडला, तर सुमारे ०.९ व्होल्ट दाब दिसतो. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. या दोन पट्ट्या म्हणजे विद्युदग्रे आणि लिंबाचा रस म्हणजे विद्युत् वाहून नेणारे द्रावण. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपाने रसात उतरतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात व तेथे रसातील हायड्रोजन आयन त्यांचा स्वीकार करतात. एकीकडे देणे, दुसरीकडे घेणे, हेच घटाचे मूळ तत्त्व होय.

१८३६ साली डॅनियल यांनी जस्त विरल सल्फ्युरिक आम्लात आणि तांबे मोरचुदाच्या द्रावणात ठेवून सुमारे १.१ व्होल्टचा स्थिर घट तयार केला. पुढे १८८९ साली वॉल्टर नेर्न्स्ट यांनी दाखविले की, घटाचा दाब केवळ धातूंवर नव्हे, तर द्रावणातील आयनांच्या प्रमाणावरही अवलंबून असतो. याचा अर्थ असा की, दाब मोजला तर आयनांचे प्रमाण कळू शकते. येथे घट हा केवळ विजेचा स्रोत न राहता मोजमापाचे साधन झाला.

फ्लोराइडचे विद्युदग्र

१९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचे विद्युदग्र प्रसिद्ध केले. हा स्फटिक जणू फ्लोराइडपुरतेच उघडणारे दार आहे. पाण्याच्या नमुन्यात हे विद्युदग्र आणि स्थिर दाबाचे दुसरे संदर्भ विद्युदग्र बुडविले की घट पूर्ण होतो. फ्लोराइड दसपट झाले की २५ अंश सेल्सिअसला दाबात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. १ आणि १.५ मिलिग्रॅम यांतील अंतर अवघ्या १० मिलिव्होल्टचे असते. म्हणून ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी यंत्र आधी जुळवून घ्यावे लागते, तसेच नमुन्याची आम्लता स्थिर राखणारे द्रावण त्यात मिसळावे लागते.

ग्रामपंचायतीचे काम

चाचणी प्रयोगशाळेत होते. परंतु तिची सुरुवात गावात होते. पंप काही वेळ चालवून मगच स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना घ्यावा. बाटलीवर गाव, स्रोत व दिनांक लिहावा. प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. एका विहिरीचा निष्कर्ष शेजारच्या विहिरीला लावू नये. खडक बदलला की पाणीही बदलते.

प्रमाण अधिक निघाल्यास त्या पंपावर तसा स्पष्ट फलक लावून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत ठरवावा. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची 'नालगोंडा' पद्धत विकसित केली आहे. मात्र तुरटीची मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, अंदाजाने नव्हे.

शाळेतील लिंबाचा घट आणि प्रयोगशाळेतील विद्युदग्र एकाच नियमाने चालतात. शिक्षकांनी तो नियम वर्गात समजावून दिला आणि पंचायतीने नमुना वेळेवर पाठविला, तर डोळ्यांना न दिसणारा हा दोष मुलांच्या दातांवर उमटण्यापूर्वीच कागदावर दिसेल.