संगणकाची नवी प्रणाली : घाई केव्हा, थांबावे केव्हा?

ऊसशेतीचा हिशेब घरच्या संगणकावर ठेवणारे सभासद आम्हाला विचारतात, नवी प्रणाली निघाली की लगेच घ्यावी काय? नव्या जातीचे बेणे आपण सगळ्या रानात एकदम लावत नाही. आधी दोन-चार गुंठ्यांत पारखतो. इथेही तोच न्याय.

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'विंडोज १०' ची सुधारित आवृत्ती निघाली. पहिल्याच आठवड्यात काहींच्या फायली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने वाटप थांबवले आणि दुरुस्ती करून नोव्हेंबरात पुन्हा सुरू केले. जे थांबले, ते या फटक्यातून वाचले.

पण फार रेंगाळणेही बरे नव्हे. 'विंडोज १०' ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला संगणक म्हणजे कुंपण मोडलेले रान.

तेव्हा एवढे करावे :

१) हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी व ती उघडून पाहावी.

२) आपला संगणक, प्रिंटर व हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर चालेल का, याची आधी खात्री करावी.

३) ऐन तोडणीत बदल करू नये.

४) सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी घ्याव्यात, आणि जुन्या प्रणालीची मुदत संपण्याआधी बदल उरकावा.